दहशतीचा जमाखर्च

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या कार्यकर्ता-शिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'दहशतवाद : उगम आणि प्रतिकार' असा आहे. विषय जगाएवढा मोठा आहे, आणि जगाविषयी बोलण्याची एक सोय अशी असते की कोणीच दुखावले जात नाही. आयर्लंड, पंजाब, श्रीलंका, काश्मीर असा फेरफटका मारून तासाभरात आपण सगळे समाधानाने घरी जाऊ शकू. मी तसे करणार नाही. ज्या जमिनीवर हा मंडप घातला आहे तिच्याविषयीच मी बोलणार आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, इतिहास नव्हे. त्यामुळे माझी दृष्टी जमाखर्चाची आहे. पैसा कोठून आला, जमीन कोणाकडे होती, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हे मी आधी पाहतो.

'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. स्वखुशीने सेवा करणारा. इतका निर्मळ शब्द या पाच जिल्ह्यांत (औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि तेव्हाचे उस्मानाबाद) आया मुलांना गप्प बसवण्यासाठी वापरू लागल्या. आज तोच शब्द निवडणुकीच्या सभांत शेजाऱ्याला देण्याची शिवी झाला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात प्रचार चालू असताना मल्लिकार्जुन खर्गे यांच्या बालपणातील दुःख व्यासपीठावर ओढून आणले गेले. बीदर जिल्ह्यातील वरवट्टी गावात त्यांचे घर जळाले, आई व बहीण मृत्युमुखी पडल्या. ही गोष्ट खरी आहे. पण त्यांचे चिरंजीव प्रियांक यांनी जे उत्तर दिले त्याची आपल्या वर्तमानपत्रांनी पुरेशी दखल घेतली नाही. ते कृत्य रझाकारांचे होते, संपूर्ण मुस्लिम समाजाचे नव्हे, अशा आशयाचे ते उत्तर होते. ज्यांच्या घरात राख झाली त्यांना हा फरक कळतो, आणि ज्यांच्या घराला झळही लागली नाही त्यांना तो कळत नाही, असे का होते? माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ या प्रश्नात आहे.

प्रथम शब्दाची व्याख्या करू. 'दहशतवादी' हा शब्द सरकारे सैलपणे वापरत आली आहेत. इंग्रजांनी भगतसिंगांनाही त्याच यादीत घातले होते, हे समाजवादी कार्यकर्त्याने विसरू नये. म्हणून केवळ शस्त्र हाती घेतले एवढ्यावरून मी कोणाला दहशतवादी म्हणणार नाही. निःशस्त्र माणसाला मारायचे आणि त्या मरणातून उरलेल्या हजारांना धाक घालायचा, ही ज्याची पद्धत असेल तो दहशतवादी. त्याचा झेंडा कोणताही असो, आणि त्याच्या पाठीशी सरकार असो किंवा नसो. सरकारच्या पाठबळाने चालणारी दहशत ही दहशतच नव्हे, असा एक सोयीचा समज असतो. रझाकार संघटना हे त्या समजाला दिलेले उत्तर आहे.

आता उगम. हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात. त्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रजा हिंदू, राजा मुसलमान. बहुतेक पुस्तके येथे थांबतात. आपण जमिनीकडे पाहू. सुमारे साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारला थेट महसूल देणारी. दहा टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता, जिचे उत्पन्न जगातील अतिश्रीमंत गणल्या गेलेल्या एका माणसाच्या तिजोरीत जात असे. उरलेली तीस टक्के जहागिरदार व तत्सम सरदारांकडे. त्यांच्या गावांत महसूलही त्यांचा आणि बहुधा न्यायही त्यांचाच. वेठबिगार होती. धान्याच्या लेव्हीने कुणबी पिळला जात होता. आणि हे जहागिरदार, देशमुख, सावकार एका धर्माचे नव्हते. तेलंगणातील शेतकरी १९४६ साली ज्यांच्याविरुद्ध उठले त्यांत हिंदू देशमुखांची नावे ठळक आहेत. याउलट आपल्या खेड्यांतला मुसलमान म्हणजे पिंजारी, अत्तार, तांबोळी, टांगेवाला, फार तर चौकीतला शिपाई. त्याला निजामाच्या वैभवाचा काडीचा उपयोग नव्हता.

या गरीब माणसाला जहागिरदाराच्या बाजूने उभे कसे करायचे, हा सरंजामशाहीपुढचा खरा प्रश्न होता, आणि मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने तो सोडवला. ही संस्था १९२७ साली स्थापन झाली तेव्हा तिचे स्वरूप बरेचसे धार्मिक-सांस्कृतिक होते. १९३८ नंतर बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली तिने 'अनल मलिक' हा सिद्धान्त उचलून धरला. राज्याचा धनी एकटा निजाम नसून संस्थानातील प्रत्येक मुसलमान राजा आहे, निजाम केवळ त्या सत्तेचे प्रतीक आहे, असे तो सांगतो. हा सिद्धान्त किती धूर्त आहे पाहा. टांगेवाल्याच्या मजुरीत एका पैची वाढ न करता त्याला राजा केले. बहादुर यार जंग स्वतः जहागिरदार होते, पण प्रभावी वक्ते आणि व्यक्तिशः प्रामाणिक मनुष्य. पुढे त्यांनी जहागीर व पदवी दोन्ही सोडली. १९४४ साली ते वारले आणि १९४६ च्या अखेरीस संघटना लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली. प्रामाणिक माणसाने पेरलेला विचार उथळ माणसाच्या हाती गेला की काय होते, याची उदाहरणे आपल्याही चळवळीत आहेत. पण तो आजचा विषय नव्हे.

दुसरे कारण राजकीय. 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने सभा भरवण्यावर परवानगीचे कुलूप लावले होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरली. जन्मण्यापूर्वी बंदी! कारण दिले गेले जातीयतेचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात याच शहरातील इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. ते लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले आणि त्या मुलांना अखेर नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. एकीकडे गाणे म्हणणाऱ्यांना हाकलणारे सरकार दुसरीकडे गणवेशातील स्वयंसेवकांच्या कवायतीकडे कौतुकाने पाहत होते. सनदशीर बोलण्याचे दरवाजे बंद आणि लाठी-तलवारीच्या आखाड्याला मोकळे मैदान, अशा जागी काय उगवेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

१९४७ मध्ये शेजारच्या प्रांतांतून भेदरलेली मुसलमान कुटुंबे संस्थानात आश्रयाला आली. त्यांतील बेकार, सुडाने पेटलेल्या तरुणांची भरती झाली. काही ठिकाणी दलितांनाही फूस लावून निजामाच्या बाजूला ओढण्याचे प्रयत्न झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या नोव्हेंबरात पत्रक काढून हैदराबादेतील दलितांना निजामाची बाजू न घेण्याविषयी बजावले, ही गोष्ट त्या प्रयत्नांचे गांभीर्य दाखवते.

रझाकारांच्या पद्धतीविषयी मी तपशिलात फार शिरणार नाही. ज्यांच्या घरी तो तपशील आहे त्यांना तो ऐकवण्याची गरज नाही आणि इतरांना त्यात गोडी वाटू नये. गावावर चालून जायचे, धान्य व दागिने न्यायचे, घरे पेटवायची, एकदोघांना चावडीसमोर मारायचे आणि पोलिसाने पाठ फिरवून उभे राहायचे, असा साचा होता. नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांना १९४६ च्या ऑक्टोबरात मारले. पोलीस कारवाईच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात १९४८ च्या मे महिन्यात मोठे हत्याकांड झाले. मारला जाणारा माणूस एक, पण उद्दिष्ट असते पंचक्रोशी. ते गाव सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे निघून जावे, उरलेल्यांनी तोंड उघडू नये, हा हिशेब.

परंतु एका प्रसंगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हैदराबाद शहरात रझाकारांच्या जमावाने घेराव घातला. कोणाला? निजामाच्याच शिष्टमंडळाला. छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्कटन, सर सुलतान अहमद हे भारत सरकारशी जैसे थे करार करण्यासाठी दिल्लीला निघाले होते. त्यांना घराबाहेर पडू दिले नाही. निजाम नमला. पंतप्रधान छतारी गेले, त्यांच्या जागी मीर लायक अली आले. करार अखेर महिन्याभराने, २९ नोव्हेंबरला, जवळजवळ तसाच झाला. पण त्या दिवसापासून संस्थानात राज्य कोणाचे हा प्रश्न उरला नाही. ज्या सत्तेने आपल्या संरक्षणासाठी गुंडांची फौज पोसली ती सत्ता त्या फौजेची कैदी झाली.

पैशाचेही तसेच. संस्थानाने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज रोख्यांच्या रूपाने दिले. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्रीच्या अंधारात विमानाने शस्त्रे आणत होता. आणि शेवटच्या दिवसांत, सप्टेंबर १९४८ मध्ये, दहा लाखांहून अधिक पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळते झाले. तो पैसा बँकेत एकाहत्तर वर्षे गोठून राहिला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या न्यायालयाने तो भारत व निजामाचे वारस यांचा ठरवला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढली होती. व्याज मात्र कोणाच्या घामावरचे होते, हे त्या निकालपत्राच्या कक्षेबाहेरचे आहे. परभणीच्या कापूसवाल्याला आणि बीडच्या जोंधळेवाल्याला ते ठाऊक आहे.

आता प्रतिकार. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते हे सर्वांना माहीत आहे. तरुणपणी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले होते, हे आपल्या पक्षातसुद्धा थोड्यांना माहीत आहे. स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव, दिगंबरराव बिंदू या मंडळींनी लढा निजामाच्या धर्माविरुद्ध न ठेवता निजामाच्या राज्यपद्धतीविरुद्ध ठेवला. ७ ऑगस्ट १९४७ पासून सत्याग्रह सुरू झाला. शिंदीची झाडे तोडणे, लेव्ही न देणे, करोडगिरीची नाकी उठवणे असे त्याचे स्वरूप होते. यातील प्रत्येक कृती निजामाच्या महसुलावर घाव घालते. माणसावर नव्हे.

पुढे सरहद्दीवर शिबिरे उभी राहिली आणि शस्त्रे हाती आली. हे मी लपवत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली. रक्कम वीस लाखांच्या घरातली. त्या रकमेचा हिशेब ठेवला गेला आणि नेतृत्वापुढे मांडला गेला. मला जमाखर्चाची आवड असल्यामुळे असेल, पण त्या लढ्यातील सर्वांत धाडसी गोष्ट मला बंदूक वाटत नाही, ती हिशेबाची वही वाटते. लुटीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आपल्याला उद्या कोणीतरी जाब विचारणार आहे हे मान्य असते. रझाकारांच्या लुटीची वही कोठे आहे? मात्र सर्वच शिबिरांतील सर्वच जण त्या वहीला जागले, असेही मी म्हणणार नाही. शस्त्र हाती आले की शिस्त पातळ होते.

आणि तारीख पाहा. ३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या एका निःशस्त्र वृद्धावर पुण्याहून गेलेल्या मराठी माणसाने गोळ्या झाडल्या. दहशतीचा मक्ता एकाच धर्माकडे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख भिंतीवर लावून ठेवावी.

रझाकारांना मुसलमानांतूनच विरोध झाला, हे तर जाणूनबुजून विसरले गेले आहे. १९४८ च्या ऑगस्टात सात प्रतिष्ठित मुसलमान नागरिकांनी रझाकार संघटना बरखास्त करावी व भारतात विलीन व्हावे असे निवेदन काढले. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते छापले. २१ ऑगस्टच्या रात्री घरी परतताना त्यांना गाठून गोळ्या घातल्या आणि हात तोडला. लिहिणारा हात. आपल्या शहरात किती रस्त्यांना, किती चौकांना नावे दिली गेली, बदलली गेली! शोएबुल्ला खान हे नाव एखाद्या बोळालाही द्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. आपल्याही नाही.

१३ सप्टेंबरला सैन्य शिरले, १७ ला निजाम शरण आला. पाच दिवसांत रझाकारांचा फुगा फुटला. येथे आपली भाषणे दरवर्षी संपतात. झेंडा, राष्ट्रगीत, पेढे. पण हिशेबाचे पान येथे उलटते. १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबरात तिने जिल्हे पाहिले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. त्यातील अठरा हजार या चार जिल्ह्यांतले. अहवाल दशकानुदशके दडपला गेला. अभ्यासकांना तो अगदी अलीकडे, २०१३ च्या सुमारास, पाहता आला. अंदाज हा अंदाजच असतो. त्यात वजावट करायची त्यांनी करावी. पण अर्ध्याने वजा केली तरी काय उरते पाहा. मारले गेले ते रझाकार होते काय? पुष्कळसे रझाकार पळाले होते. मागे राहिला तो पिंजारी आणि तांबोळी. खुद्द कासीम रझवी खटला होऊन तुरुंगात गेले, १९५७ साली सुटले, पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये अंथरुणावर वारले. अनल मलिकची किंमत कोणी भरली?

सैन्याने रझाकार संपवले. रझाकारीचे मूळ काही अंशी संपवले ते १९४९ च्या जहागीर निर्मूलनाने आणि १९५० च्या कूळ कायद्याने. गृहखात्याइतकेच महसूल खाते दहशतवादविरोधी खाते असते, असे मी वर्गात सांगत असे आणि मुले हसत. मजलिसनेही १९५७-५८ मध्ये नवी घटना स्वीकारून मतपेटीचा रस्ता धरला. त्या पक्षाचे राजकारण मला मान्य नाही. धर्माच्या नावावर मते मागणारा कोणताच पक्ष मला मान्य नाही. पण २०१९ मध्ये याच शहरातून त्याचा खासदार निवडून आला आणि २०२४ मध्ये पडला, यात घाबरण्यासारखे काय आहे? मते मोजली जात असताना कोणी तलवार मोजत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. २००६ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये नांदेडच्या एका घरात स्फोट होऊन दोघे मेले. बाँब तयार केला जात होता असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. उरलेले आरोपी २०२५ च्या जानेवारीत निर्दोष सुटले. मे महिन्यात चांदवड-मनमाड रस्त्यावर आरडीएक्स, एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसे पकडली गेली, ज्याला 'औरंगाबाद शस्त्रसाठा' असे नाव पडले. २०१६ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली. २००२ च्या गुजरातमधील हत्याकांडाचा सूड हा त्या कटाचा हेतू होता, असे न्यायालयाने नमूद केले. मकोका मात्र न्यायालयात टिकला नाही. जुलैमध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. बारा आरोपींना २०१५ साली शिक्षा झाली आणि २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना सोडले. सप्टेंबरात मालेगावला शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट होऊन तीसहून अधिक मेले. नऊ मुसलमान तरुण धरले गेले, बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २००८ मध्ये मालेगावलाच पुन्हा स्फोट झाला, सहा बळी गेले. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष.

या निकालांवर दोन्ही बाजूंनी पेढे वाटले गेले. आपला माणूस सुटला, झाले. लोकलमध्ये मेलेल्या कारकुनाच्या बायकोने आणि मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या आईने कोणाला विचारायचे? टाडा आला आणि १९९५ मध्ये गेला, पोटा आला आणि २००४ मध्ये गेला, मकोका आहे, यूएपीए आहे. २०२५ च्या जुलैत राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयकही मंजूर केले. कायदे कमी पडले असे या यादीवरून तरी दिसत नाही. जामीन न देण्याची सोय झाली की पुरावा गोळा करण्याची निकड संपते. कबुलीजबाबावर भिस्त ठेवलेला खटला वीस वर्षांनी कोसळतो. तोवर खरा गुन्हेगार म्हातारा झालेला असतो किंवा त्याने शिष्य तयार केलेले असतात. गश्ती निशान ५३ च्या जोरावर निजामाला स्वामीजींना डांबता आले, रझाकारांना आवरता आले नाही. असा कायदा प्रामुख्याने समोर उभा राहून बोलणाऱ्याच्या हाती पडतो.

आता कामाचे बोलतो. मराठवाड्याच्या तालुक्यांच्या गावी हुतात्मा स्मारके आहेत. १७ सप्टेंबरला तेथे हार घातले जातात, घालावेतच. मागील वर्षी धाराशिवकडील एका गावात असा कार्यक्रम आटोपल्यावर एक वृद्ध तांबोळी माझ्याजवळ येऊन थांबला. त्याचे वडील आणि दोन चुलते त्या वर्षीच्या दसऱ्याआधी गेले, असे त्याने मला हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखे सांगितले. स्तंभाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ती नावं आमच्याच गावची हायेत साहेब, माझ्या बापाला ती माणसं नावानिशी ठावं होती." त्याला कोणतेही स्मारक नको होते. आपल्या बापाचे नाव कोणीतरी लिहून घ्यावे एवढेच त्याचे मागणे होते. मी ते वहीत लिहून घेतले.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. रझाकारांच्या हातून मेलेल्यांची आणि १७ सप्टेंबरनंतर सुडात मेलेल्यांची, अशी दोन्ही नावे गावोगाव जाऊन एकाच वहीत लिहावीत. साक्षीदार आज नव्वदीत आहेत. दोनतीन वर्षांत ते उरणार नाहीत. या कामात शिव्या दोन्हीकडून मिळतील. एकजण देशद्रोही म्हणेल, दुसरा जुन्या जखमा उकरता म्हणेल. वहीत नाव, वय, गाव, धंदा आणि सांगणाऱ्याचे नाते एवढेच असावे, विशेषणे नकोत. सुरुवात धाराशिव आणि नांदेड या दोन जिल्ह्यांपासून करावी. तालुक्यांची वाटणी आज संध्याकाळच्या बैठकीत करता येईल. उमरगा आणि तुळजापूर हे दोन तालुके माझ्याकडे ठेवावेत, एस.टी.ने जाण्याइतपत प्रकृती अजून चांगली आहे.